‘7 दिवसांत स्वतःचं फेसबुक’ विकणाऱ्यांना

काल रात्री ताईने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘धाकट्याला लावू का गं हा क्लास? फी अर्धी करतायत आजच्या दिवस.’ आजच्या दिवस! गेले कित्येक महिने रोज ‘आजच्या दिवस’च आहे त्यांचा.

फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. मजकूर थोडक्यात असा : कोडिंग न शिकता 7 दिवसांत फेसबुकसारखी कम्युनिटी वेबसाइट बनवा. समाज मंडळं, सोसायट्या, माजी विद्यार्थी संघ हे तयार क्लायंट. प्रीमियम प्लगइन्स (वेबसाइटला जोडायची विकतची छोटी सॉफ्टवेअर) फुकट. व्हॉट्सअ‍ॅपसारखं सुरक्षित चॅट. एका साइटचे 50 हजार. आणि साइट हातात दिली की तुमची जबाबदारी संपली.

मी अशाच साइट्स बनवून पोट भरते, म्हणून लिहिते.

खरं आहे तेवढं आधी मान्य करून टाकते. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर 2003 पासून फुकट मिळतं आणि त्यावर चालणारं, साइटला कम्युनिटीचं रूप देणारं बडीप्रेस हे प्लगइन 2009 पासून. बडीप्रेसच्या सेटिंग्जमध्ये कंपोनंट्सच्या यादीवर टिक केलं की प्रोफाइल, फ्रेंड्स, ग्रुप, मेसेज, अ‍ॅक्टिव्हिटीची भिंत, सगळं उभं राहतं. कोडिंगची एक ओळ लागत नाही. पण हे एका दुपारचं काम आहे. उरलेले दिवस काय शिकवतात आणि फी कशाची घेतात, ते त्यांनीच सांगावं.

‘सुरक्षित चॅट’ मात्र धडधडीत थाप. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. बडीप्रेसचा ‘प्रायव्हेट’ मेसेज डेटाबेसच्या टेबलात साध्या अक्षरांत पडलेला असतो. होस्टिंगचा (साइट ज्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतात त्याचा) पासवर्ड ज्याच्याकडे, तो डेटाबेस दाखवणारं पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडून वाचू शकतो. म्हणजे साइट बनवणारा विशीतला पोरगाही. शिवाय ते चॅट नाहीच, साधा इनबॉक्स आहे.

फुकट प्रीमियम प्लगइन्सबद्दल थोडक्यात. जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्समुळे अशा प्लगइनची प्रत वाटायला हरकत नसते, हा त्यांचा बचाव बहुतेक वेळा बरोबर असतो. पण त्या झिप फाइलमध्ये मधल्या माणसाने काय घुसवलंय ते कोण तपासतं, आणि अपडेट कुठून येणार? क्लायंटच्या साइटवर असलं काही टाकू नये.

होस्टिंगचा तर फॉरवर्डमध्ये उल्लेखच नाही. बातम्यांची साइट स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेक साइट्स) तग धरते, कारण सगळ्यांना एकच पान दाखवायचं असतं. ते एकदा तयार करून कॅशमधून, म्हणजे साठवलेल्या प्रतीतून, वाटत राहायचं. कम्युनिटी साइटवर लॉगिन केलेल्या प्रत्येकाचं पान वेगळं, म्हणून ती कॅश तिथे कामाची नाही आणि दर क्लिकला डेटाबेसला धाप लागते. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या रात्री सगळे एकदम फोटो बघायला आले की साइट बसते. त्याच रात्री नेमके अध्यक्षही बघत असतात.

आता ‘जबाबदारी संपली’कडे येते. माझं डोकं खरं फिरलंय ते यावर.

फॉरवर्डमध्ये पहिला क्लायंट कोण सांगितलाय? समाज मंडळ, वधू-वर विभागासकट. म्हणजे मुलींचे फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, पगार, वडिलांचा मोबाइल नंबर. बडीप्रेसमध्ये प्रोफाइलचं नवं फील्ड बनवलं की त्याची दृश्यता आपोआप ‘सगळ्यांना’ असते. ‘फक्त सदस्य’, ‘फक्त मित्र’, ‘फक्त मी’ हे पर्याय आहेत, पण ते आपण निवडावे लागतात. 7 दिवसांत स्क्रीनशॉट काढायला शिकलेल्या मुलाला हे कोण सांगणार? नोंदणीचं पान उघडं ठेवलं की बॉट सदस्य होतात ते वेगळंच. मंडळाच्या यादीत देशपांडे, कुलकर्णी आणि मध्येच कॅसिनोची जाहिरात.

आणि कायदा. केंद्र सरकारचे 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम (मध्यस्थांसाठीचे, 25 फेब्रुवारीला अधिसूचित झालेले) क्लासवाल्यांनी एकदा तरी वाचावेत. लोकांना पोस्ट टाकू देणारी साइट चालवणारा मध्यस्थ ठरतो. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. नियम आले तेव्हाच तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची होती, आणि कोणाचा नग्न किंवा मॉर्फ केलेला फोटो टाकल्याची तक्रार त्या व्यक्तीकडून आली तर तो 24 तासांत हटवायचा होता. नंतरच्या दुरुस्त्यांनी हे सैल केलेलं नाही. ‘आपण काय फेसबुक आहोत का’ म्हणणाऱ्यांसाठी : 50 लाख सदस्यांचा आकडा जास्तीच्या कर्तव्यांसाठी आहे, ही मूळ कर्तव्यं लहान साइटलाही आहेत.

एखाद्याने मोडलेल्या लग्नाचा राग काढायला रात्री अकराला मुलीचा फोटो मॉर्फ करून साइटवर टाकला, तर कागदावर नाव मंडळाचं असेल. पण अध्यक्ष फोन कोणाला करणार? ज्याच्याकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड आहे त्याला. आणि त्याला शिकवलंय की जबाबदारी संपली.

50 हजारांचं काय म्हणता? मिळतात कधीकधी. पण खजिनदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुकट चालतोय, मग हे कशाला? याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याला 5 हजारही मिळत नाहीत, आणि क्लासमध्ये हे उत्तर शिकवत नाहीत.

ताई, फी भरू नकोस. बडीप्रेसची माहिती त्यांच्याच साइटवर फुकट आहे. धाकट्याला सांग, लॅपटॉपवर एक्सॅम्प (लॅपटॉपलाच सर्व्हर बनवणारं फुकट सॉफ्टवेअर) टाक, वर्डप्रेस आणि बडीप्रेस चढव, प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबरचं फील्ड बनव आणि दोन खोटे सदस्य तयार कर. मग लॉगआउट होऊन इन्कॉग्निटो विंडोत बघ, त्यांचा नंबर दिसतो का. दिसला तर लपव, नंतर दुसऱ्या सदस्याच्या लॉगिनने पुन्हा बघ. अडला तर रविवारी माझ्याकडे पाठव.