चार फेऱ्या, एक तारा : तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर मी दोनदा वाचला. अपॉइंटमेंट असून पावणेदोन तास बसवून ठेवलं. वडिलांच्या कानातली बुरशी औषधाच्या एका बाटलीत गेली असती, तिथे चार फेऱ्या मारायला लावून दर वेळी पैसे घेतले. मशीन लावल्यावर त्यांना गरगरलं. आणि वडिलांनी कानात घातलेल्या तेलावरून डॉक्टर लागेल असं बोलले. वडिलांचे केसपेपर मी इथे उघडणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय, तेवढ्यापुरतंच बोलतो.

शेवटची तक्रार आधी घेतो, कारण तिथे मला बाजूच नाही. “कानात काय भजी तळायची होती का?” असं मी म्हणालो, खरंय. जुलै-ऑगस्टात चिपळुणात रोज तेलकट कान बघून जीभ सैल सुटते, पण वडीलधाऱ्या माणसाला लेकीसमोर असं बोलायला नको होतं. त्यांची मनापासून माफी मागतो. लसूण घालून कडवलेलं तेल माझ्या आजीनेही माझ्या कानात कितीदा सोडलंय, तेव्हा मी तर गप्पच बसायला हवं होतं.

उशीराचं म्हणाल तर त्या संध्याकाळी खेळण्यातला बटण सेल नाकात घातलेलं एक लेकरू आलं. चिंचोका असता तर रांगेत थांबवलं असतं. सेल ओल्या नाकात काही तासांत मधल्या पडद्याला भोक पाडू शकतो, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवलं. त्याबद्दल खेद नाही. खेद याचा की बाहेर कुणी येऊन हे सांगितलं नाही. “रिसेप्शन कानात तेल घालून बसलं होतं” असं तुम्ही लिहिलंत. भज्यांचा हिशोब चुकता झाला म्हणायचा.

चार फेऱ्यांवर मात्र मी वाद घालणार आहे. कानाची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटीमीटर, थोडी वाकडी आणि आतल्या टोकाला पडद्याने बंद. ओल गेली की लवकर वाळत नाही. कानातला मळ आपण घाण समजतो, पण तो किंचित आंबट, पाणी आत मुरू न देणारा थर असतो. काडेपेटीच्या काडीने नाहीतर बडने तो खरवडला की खालची नाजूक कातडी उघडी पडते. मग पावसाची दमट हवा, वरून तेल. बुरशीला आणखी काय हवं?

मायक्रोस्कोपखाली ती भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी दिसते. करडा, ओला, चिकट लगदा आणि त्यावर शाई शिंपडावी तसे काळे ठिपके. या लगद्यावर थेंब सोडले तर ते तिथेच अडतात, कातडीपर्यंत पोचत नाहीत. शिवाय त्यामागचा पडदा दिसत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर सगळेच थेंब कानात घालून चालत नाही. म्हणून आधी सक्शनने, म्हणजे लगदा ओढून घेणाऱ्या त्या मशीनने, साफ करायचं, पडदा बघायचा, मग बुरशीचं औषध. पहिल्या सफाईत सगळं निघत नाही. कातडीला धरून राहिलेल्या बुरशीच्या धाग्यांवर आठवड्याभरात पुन्हा थर धरतो, तो पुन्हा काढावा लागतो. दोन-तीन आठवडे हे चालतं. निम्मं औषध म्हणजे ती सफाईच, ताई. तुमच्या दृष्टीने मी चार वेळा तेच केलं, आणि तेच करायचं असतं.

पैशाचं मात्र तुमचं बरोबर आहे. दुसऱ्या फेरीपासून सक्शनच्या पैशांबरोबर तपासणी फीसुद्धा लावली जात होती, हे मला तुमच्या तक्रारीमुळे कळलं. माझ्याच दवाखान्यातलं मला कळू नये, ही काही मिरवायची गोष्ट नाही. आता एका कानाच्या बुरशीसाठी तीन आठवड्यांत तपासणी फी एकदाच. तुमची तीन वेळची फी पाकिटात घालून काउंटरवर ठेवली आहे, कधीही घेऊन जा.

गरगरण्याचं कारण तर ऐकण्यासारखं आहे. तोल सांभाळणाऱ्या अर्धगोल नळ्यांपैकी एक कानाच्या नळीला अगदी लागून असते. सक्शन हवा ओढतं तेव्हा कान गार पडतो, त्या नळीतलं पाणी हलतं आणि डोक्याला वाटतं आपण फिरतोय. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानींना हेच कान धुताना सापडलं : गार पाण्याने चक्कर येते आणि डोळे एका दिशेने झटके देतात, गरम पाण्याने उलट्या दिशेने. या कामासाठी त्यांना 1914 चं नोबेल मिळालं. आजही आम्ही तोलाची तपासणी करताना 30 आणि 44 अंशांचं पाणी वापरतो. ही चक्कर एक-दोन मिनिटांत ओसरते. पण हे सगळं मी आज लिहितोय. सक्शन लावायच्या आधी “थोडं गरगरेल, घाबरू नका” एवढं बोललो असतो तर वडील खुर्चीचे हात घट्ट धरून बसले नसते. हल्ली बोलतो.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. “शेवटी मेडिकलमधून ड्रॉप्स आणले, दोन दिवसांत खाज गेली.” हे वाचून बरं नाही वाटलं, काळजी वाटली. मेडिकलमधून असे सांगून आणलेले ड्रॉप्स बहुतेकदा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले असतात. स्टेरॉइडने सूज आणि खाज लगेच शमते, पण बुरशीला आयतं रान मोकळं मिळतं. पंधरा दिवसांनी दडे बसतात, कान ठणकतो, आणि माणूस म्हणतो नवीनच काही झालं. तुमची बाटली वेगळी असेलही. तिच्यावरचं नाव वाचून दवाखान्यात फोन करा, मी सांगतो चालू ठेवायची की नाही. तोवर अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात, आणि अंघोळ झाली की लगेच काढायचा. कान ठणकायला लागला, किंवा त्यांना मधुमेह असेल, तर फोनवर थांबू नका, घेऊनच या. माझ्याकडे यायचं नसेल तर दुसऱ्या कुणा कान-नाक-घसा डॉक्टरांकडे न्या, पण येत्या दोन-तीन दिवसांत कान मायक्रोस्कोपखाली दाखवा. आणि ती बाटली सोबत न्या.