फक्त बायकोच केस करू शकते? नाही हो!

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय की डॉक्टरच्या चुकीमुळे पेशंट गेला तर फक्त नवरा किंवा बायकोच केस करू शकते, आणि बिल ज्याच्या नावावर तोच. हे चुकीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सरळ लिहिलंय की ग्राहक (इथे पेशंट) मेला तर त्याचा कायदेशीर वारस किंवा प्रतिनिधी तक्रार करू शकतो, म्हणजे मुलगा, मुलगी (लग्न झालेली असली तरी, हेही सांगावं लागतं आपल्याकडे), आई, सगळे आले त्यात. भाऊ-बहीण मात्र आपोआप नाही, जवळचे वारस नसतील तरच वारस म्हणून येतात.

सिव्हिल कोर्टात १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा लागतो, तिथे भरपाई नवरा-बायको, आईवडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं यांच्यासाठीच, भावंडं त्यात नाहीतच. मेसेज बहुतेक इथूनच अर्धवट उचललाय. पोलीस तक्रारीला तर वारस असायचीही गरज नाही.

आणि ग्राहक आयोगात (म्हणजे ग्राहक कोर्टात) तक्रारीची मुदत २ वर्षांची, उशिराचं सबळ कारण दिलं तर माफ होऊ शकतो पण त्या भरवशावर बसू नका, हॉस्पिटलचे केसपेपर आधी मागून घ्या.