लोकसंख्या वाढली म्हणून पगार वाढत नसतो

‘शहर दुप्पट झालं की माणशी कमाई 15 टक्के वाढते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मुलांना नागपुरात कुजवू नका, पुण्या-मुंबईला पाठवा, जाताच पगार वाढतो. मोठ्या शहरात रस्त्यांचा खर्चही माणशी निम्मा येतो.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात नुकत्याच नोकरीला लागलेल्या माझ्या भाचीला घरचेच ‘राजीनामा दे’ म्हणू लागले. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

मूळ अभ्यास 2007 चा आहे. लुईस बेटेनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, चीन, युरोपातल्या शहरांचे आकडे तपासले. कमाईसारख्या गोष्टी लोकसंख्येच्या साधारण 1.15 या घातानं वाढतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे लोकसंख्या दुप्पट झाली की एकूण कमाई 2 चा 1.15 वा घात, सुमारे 2.22 पट होते. हा घातांक आहे, टक्केवारी नाही! गणित केलं तर दुप्पट शहरात माणशी वाढ सुमारे 11 टक्के येते. अमेरिकेतल्या पगारांचा घातांक तर 1.12 होता, म्हणजे जेमतेम 9 टक्के. तीही कितीतरी शहरं एकत्र मांडून काढलेली सरासरी. एखाद्या मुलीनं नागपूरच्या अजनी स्टेशनवरून पुण्याची गाडी पकडली की तिचा पगार वाढेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तिकडे जास्त कमावणाऱ्यांत आधीच जास्त शिकलेले किती, वाढीव पगारातलं खोलीभाड्यात किती जातं, याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

मोठ्या शहरात संधी जास्त असतात, हे मान्य. पण त्याच अभ्यासातल्या तक्त्यात गंभीर गुन्ह्यांचा घातांक 1.16 आणि एड्सच्या नव्या रुग्णांचा 1.23 आहे. माणसांचा संपर्क वाढला की चांगलं आणि वाईट दोन्ही वाढतं. त्या ओळी का गाळल्या?

नुसत्या डोक्यांच्या संख्येवर रोजगार ठरत असता, तर नागपूरची 1877 पासूनची एम्प्रेस ही कापड गिरणी बंद पडली नसती. ती बंद झाली त्या काळात नागपूर वाढतच होतं. 2001 च्या जनगणनेत 20.52 लाख, 2011 मध्ये 24.05 लाख. 1956 मध्ये मध्य प्रदेशच्या राजधानीचा दर्जा गेला तेव्हाही माणसं इथेच राहिली, सचिवालय मात्र भोपाळला गेलं. कुठला कारखाना, कुठलं कार्यालय गावात टिकतं, हे माणसं ठरवतात, सरकार ठरवतं.

राहिले रस्ते. जर्मनीतल्या शहरांत त्यांचा घातांक 0.83 निघाला. म्हणजे दुप्पट लोकांना सुमारे 1.8 पट रस्ते लागतात. माणशी बचत 11 टक्क्यांच्या आसपास, निम्मी नव्हे.