ग्लासातल्या मुळांबद्दल, शिरोळच्या काकांना उत्तर

नमस्कार काका. तुमची कॉमेंट येऊन तीन आठवडे झाले. उत्तर मुद्दाम उशिरा देतेय, कारण नुसतं लिहून भागणार नव्हतं, करून बघायचं होतं.

ज्यांनी कॉमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाण्यात काड्या ठेवून रोपं करायची माझी पोस्ट होती, त्याखाली काकांनी लिहिलं की हा शहरातल्या लोकांचा शोकेसचा प्रकार आहे, जास्वंदीच्या पाच काड्या ठेवल्या त्या पाचही कुजल्या, कोलियसला (ते रंगीत पानांचं शोभेचं झाड) मुळं आली पण कुंडीत गेल्यावर चार दिवसांत मान टाकली, वर घरात डासांची पैदास. आणि शेवटी, आम्ही जन्मभर ऊस लावतोय, टिपरी (उसाच्या कांड्याचा लावणीसाठी तोडलेला तुकडा) मातीत पडते आणि उगवते, पाण्याचं नाटक कशाला.

आधी कोलियसचं बोलते, कारण ती चूक माझी आहे. मी पोस्टमध्ये लिहिलं होतं की मुळांनी ग्लास भरला की कुंडीत लावा. तुम्ही तेच केलंत आणि रोप गेलं. ग्लास भरेपर्यंत थांबायचंच नसतं काका. पाण्यात आलेलं मूळ हे पाण्यासाठीच तयार झालेलं असतं, त्यावर मातीतल्या मुळासारखे बारीक मूळकेस नसल्यात जमा, आतून ते हवेच्या पोकळ्यांनी भुसभुशीत असतं आणि हाताला काचेच्या काडीसारखं कडकन तुटतं. असं अर्धा फूट लांब झालेलं जंजाळ तुम्ही कुंडीत कोंबलं, वर माती दाबली, की त्यातली निम्मी मुळं तिथंच मोडतात आणि उरलेल्यांना मातीच्या कणांना चिकटलेलं पाणी ओढून घेता येत नाही. वर पानं मात्र रोजच्यासारखं पाणी मागत असतात. मग मान टाकणारच की.

मुळं इंच-दीड इंचाची झाली, त्यांना बाजूचे फाटे फुटायला लागले की लगेच हलवायचं. माती भुसभुशीत पाहिजे, पहिले आठ-दहा दिवस ओलसर ठेवायची आणि कुंडी सावलीत. नंतर हळूहळू पाणी कमी करत न्यायचं, म्हणजे नवीन मुळं मातीच्या सवयीची येतात.

आणि हे तुम्हाला मी सांगायची गरजच नव्हती खरं तर, कारण उसात हेच होतं. लावणीनंतर एखादी टिपरी उकरून बघा. गाठीवर डोळ्याच्या, म्हणजे जिथनं कोंब फुटतो त्या कळीच्या, बरोबरीनं बारीक ठिपक्यांचा पट्टा असतो ना, त्यातनं आधी केसासारखी बारीक मुळं निघतात. ती टिपरीची मुळं. कोंब थोडा वर आला की त्याच्या स्वतःच्या बुडातनं जाड पांढरी मुळं सुटतात, पुढचा सगळा ऊस त्या मुळांवर उभा राहतो आणि टिपरीची मुळं काळी पडून संपून जातात. म्हणजे पहिली मुळं फक्त पुढच्या मुळांपर्यंत पोचवायला असतात. ग्लासातल्या मुळांचं कामही तेवढंच, फक्त मी ते पोस्टमध्ये लिहिलं नाही.

आता जास्वंद. इथं मात्र उसाचा न्याय लागत नाही. टिपरीवर ते मुळांचे ठिपके आधीपासून तयारच असतात, फक्त ओल मिळायचा अवकाश. मनी प्लांटचंही तसंच, गाठीवर जो तपकिरी टोकदार फुगवटा दिसतो ते मूळच असतं, म्हणून तो पाण्यात पटकन धरतो (आणि म्हणूनच गाठ नसलेलं नुसतं पान पाण्यात ठेवलं तर महिनोन्‌महिने हिरवं राहील, एखाद्या वेळेस मूळही टाकेल, पण त्याचा वेल होणार नाही). जास्वंदीच्या काडीला मूळ नव्यानं घडवावं लागतं. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते खाली उतरतं, कापलेल्या जागी साठतं आणि तिथल्या पेशींना मूळ व्हायला लावतं. काडीला मुळं फुटावीत म्हणून लावतात त्या रुटिंग पावडरीत त्याच जातीचं द्रव्य असतं, बाहेरून दिलेलं. पण जास्वंदीला या सगळ्याला तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ लाकडाळ काडी पाण्यात कुजल्याशिवाय राहिली पाहिजे ना?

कुजण्याचं कारण पाणी जास्त झालं हे नव्हे, हवा कमी पडते. एक लिटर हवेत साधारण 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो आणि 25 अंशाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम 8. पाणी तापलं की आणखी कमी. तुम्ही लिहिलंय की बाटली खिडकीत उन्हात होती आणि पाणी आठवडाभर बदललं नव्हतं. काडीचं बुड चिकट, तपकिरी आणि वास मारणारं झालं असणार. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं, पाण्याखाली एकही पान ठेवायचं नाही आणि ऊन थेट बाटलीवर नको. एवढं करूनही जास्वंद, गुलाब, बोगनवेल यांच्यासाठी मी आता पाणी सुचवणार नाही. ती मातीतच लावा. मोगऱ्याला तर दाब कलम करा, म्हणजे फांदी वाकवून मातीत दाबा, झाडापासून तोडायचीच नाही तर कुजेल कशी.

डासांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो म्हणून मी ते हलक्यात घेत नाही. पण नुसतं पाणी ओतून दिलं तरी भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळं आठवड्यातनं एकदा बरणी आतून काथ्यानं घासायचीच, आणि तोंडाला काडीभोवती कापसाचा बोळा.

आता तीन आठवड्यांत काय केलं ते. एकाच कोलियसच्या दहा काड्या घेतल्या, सगळ्या चार बोटं लांब, गाठीच्या जरा खाली कापलेल्या. पाच पाण्यात, पाच थेट कुंडीत, निम्मी वाळू आणि निम्मं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा). सहाव्या दिवशी पाण्यातल्या काडीच्या गाठीवर पांढरे ठिपके दिसले, आठव्या दिवशी दोरे सुटले, बाराव्या दिवशी इंचभर झाल्यावर पाचही कुंडीत हलवल्या. एकीनं दोन दिवस पानं लोंबकळून ठेवली, मग उठली. पाचही जिवंत आहेत. मातीतल्या पाचांतली एक गेली, पण उरलेल्या चार आज पाण्यातल्या पाचांपेक्षा ठसठशीत आहेत, नवीन पानांची जोडीही त्यांनीच आधी काढली. म्हणजे ज्याच्याकडं माती आहे आणि हात बसलेला आहे त्यानं थेट मातीत लावावं, हे तुमचं खरं आहे, मी मान्य करते.

तरी मी पाणी सोडणार नाही काका, आणि ते शोकेससाठी नाही. आम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आईच्या गुडघ्यांमुळं तिला गच्चीवर जाता येत नाही. कपिलतीर्थ मंडईतनं पुदिन्याची जुडी आली की ती पानं खुडते आणि चार जाड देठ बाजूला काढून ग्लासात ठेवते, सकाळी चष्मा लावून ग्लास उजेडाकडं धरून बघते आणि मला हाक मारते, "आलं गं, दोन ठिकाणी आलं." मातीत लावलेल्या काडीचं आत काय चाललंय हे तिला आणि पहिल्यांदाच झाड लावणाऱ्या कुणालाच दिसत नाही, आणि न दिसल्यामुळं माणसं काडी रोज उपटून बघतात, त्यानंच ती मरते. ग्लासात न उपटता बघता येतं. पुदिना, तुळस, कोलियस, मनी प्लांट, सिंगोनियम एवढ्यांसाठी माझं मत बदललेलं नाही.

पोस्टमधली ग्लास भरायची ओळ मी आज काढली, तिथं इंच-दीड इंच असं घातलं आणि जास्वंद, गुलाब यादीतनं वगळले. खाली तुमच्या कॉमेंटमुळं बदल केला असंही लिहिलंय.

तुमची जास्वंद अजून आहे ना? आता आषाढाचा पाऊस धरलाय, हवा दमट आहे, हीच वेळ. पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून अशी काडी घ्या, वीतभर. खालचा काप गाठीखाली तिरका, वर दोनच पानं ठेवा आणि तीही मोठी असली तर अर्धी कापा. शेतातली काळी माती वापरू नका, पाणी धरून ठेवते, वाळू मिसळलेली लाल माती घ्या. कुंडी वळचणीला ठेवा, म्हणजे पावसाचा मारा थेट बसणार नाही. आणि महिनाभर उपटून बघू नका.