आई कुठेतरी आहे

बालसाहित्यातली अनाथ मुलं लेखकांना फार सोयीची पडतात. आईबाप पहिल्या पानाआधीच गेलेले, धाडसं करायला कुणाची आडकाठी नाही, आणि शेवटी एखादं मायाळू माणूस भेटलं की गोष्ट सुखाने संपवता येते. १९०८ सालची ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ मला आजही आवडते. शेतीच्या कामाला मुलगा हवा असलेल्या बहीणभावाकडे चुकून ही बडबडी मुलगी येते आणि त्यांचीच होऊन जाते. तिला तसं होता येतं, कारण मागे कुणी उरलेलंच नाही.

फॉस्टर घरातल्या मुलाचं तसं नसतं. हे दत्तक जाणं नव्हे. घरचे सांभाळू शकत नाहीत म्हणून सरकारी यंत्रणा मुलाला काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवते आणि त्या कुटुंबाला मुलाच्या खर्चापोटी पैसे देते. (आपल्याला ठेवून घ्यायचे पैसे मिळतात, हे मुलाला माहीत असतं. मग जेवायला वाढणाऱ्या बाईची माया खरी की कामाचा भाग, हे त्याने ओळखायचं कसं?) आणि बहुतेकदा आई कुठेतरी जिवंत असते. नवं घर चांगलं निघालं तर पंचाईत आणखीच वाढते. तिथे रमलं तर आईशी बेइमानी, नाही रमलं तर पुन्हा बॅग भरा.

त्यामुळे अशा गोष्टीतलं मूल गोड, समजूतदार आणि कृतज्ञ दिसलं की मला लेखकाचा संशय येतो. तसं मूल मोठ्यांना हवं असतं.

कॅथरीन पॅटरसन यांच्या ‘द ग्रेट गिली हॉपकिन्स’ (१९७८) मधली गिली अजिबात तशी नाही. अकरा वर्षांची, हुशार आणि महा खट. खोटं बोलते, चोरी करते, कृष्णवर्णीय शिक्षिकेला वंशद्वेषी कार्ड पाठवते. तिच्याजवळ आईचा एक फोटो आहे, त्यावर प्रेमाच्या दोन ओळी. एवढ्या भांडवलावर तिने मनात अख्खी आई उभी केली आहे. ट्रॉटर नावाची जाडजूड, अस्ताव्यस्त घराची बाई तिला जीव लावते, तेव्हा गिली आईला पत्र लिहून त्याच घराविषयी वाट्टेल ते खोटं कळवते. आणि त्या घरात ती खरोखर रमायला लागते, नेमका तेव्हाच त्या पत्राचा परिणाम दारात उभा राहतो: आजी न्यायला आली आहे. पुढे आई भेटते, पण आजीने पैसे पाठवले म्हणून आलेली, दोन दिवसांची पाहुणी. गिलीला आता ट्रॉटरकडे परत जायचं असतं, आणि फोनवर ट्रॉटरच तिला आजीजवळ राहायला सांगते.

हा शेवट क्रूर आहे, असं म्हणणारे वाचक मला भेटले आहेत. मला तो पुस्तकातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. ट्रॉटरने तिला परत नेलं असतं तर आपल्याला बरं वाटलं असतं, पण गिलीने इतकी वर्षं मनात जपलेल्या आईचं काय? तो हिशेब लेखिकेने टाळलेला नाही. पॅटरसन स्वतः काही काळ दोन कंबोडियन मुलांच्या फॉस्टर आई होत्या. काही अडचण आली की ‘थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे’ असं आपल्या मनात येतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून ही कादंबरी सुचली. ‘थोडेच दिवस’ ही मोठ्यांची सोय मुलाच्या बाजूने कशी दिसते, ते गिलीच्या प्रत्येक आगाऊपणात दिसतं.

जॅकलिन विल्सन यांची ट्रेसी बीकर (१९९१) तिचीच ब्रिटिश बहीण शोभेल. बालगृहात राहते आणि आई हॉलिवूडमध्ये नटी आहे, असं सगळ्यांना ठणकावून सांगते. इथे विनोद भरपूर आहे, त्यामुळे मुलं ती पटकन वाचतात. पण ती थाप ट्रेसी आधी स्वतःला मारते, हे कळायला वाचणाऱ्या मुलाला वेळ लागत नाही.

गिलीच्या तोंडी शिव्या आहेत म्हणून अमेरिकेतल्या शाळांमध्ये या पुस्तकावर आक्षेप घेतले गेले. घरातल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ते द्यावं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, खुशाल द्या, आणि त्याच्या आधी स्वतः वाचा. मुलं गिलीला लगेच माफ करतात, वेळ आपल्यालाच लागतो.