ठमी, बँकॉक आणि गुरगुट्या भात

परवा बँकॉकहून परत आलो. शेजारच्या काकूंपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "ठमीने खाल्लं का गं तिकडे?" आम्ही काय खाल्लं हे कोणी विचारलं नाही. असो. ठमी एक वर्ष आठ महिन्यांची आहे, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. उत्तर लांबलचक आहे म्हणून एकदाच इथे लिहून टाकते.

निघायच्या आधी आठवडाभर आमचं स्वयंपाकघर हळूहळू बॅगेत सरकत होतं. सासूबाईंनी तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून खिमटाची भरड करून दिली. शिवाय नाचणीसत्त्व, मेतकुटाचा डबा, तुपाची बरणी आणि वर एक किटली, "पोरीचे हाल नकोत" या वाक्यासकट.

पहिल्याच सकाळी मी त्या किटलीत खिमट शिजवायला घेतलं. आता किटलीचं काम काय, तर पाणी उकळलं की टक् करून बंद पडायचं. खिमटाला हवी मंद आच आणि सतत हलवणारा हात. मी तीनदा बटण दाबलं. तिसऱ्यांदा तळाला लागलं, खोलीभर करपल्याचा वास, आणि ठमी पलंगावर उभी राहून "मम्मम" म्हणून भोकाड पसरून बसलेली. नवरा टॉवेलने वारा घालत होता, धुराचा अलार्म वाजू नये म्हणून.

तशाच अवतारात खाली नाश्त्याला गेलो. तिथे एका कोपऱ्यात झाकण घातलेलं मोठं भांडं होतं आणि शेजारी वाट्यांमध्ये आल्याचे बारीक काप, कांद्याची पात, तळलेला लसूण. आपली सगळी मंडळी त्याला वळसा घालून टोस्टकडे जात होती. मी झाकण उचललं तर आत गुरगुट्या भात! शीत न् शीत विरघळलेलं, वर वाफ. तिथल्या बाईंनी ठमीकडे बघितलं, स्वतःच्या गुडघ्याएवढा हात धरून दाखवला, म्हणजे घरी त्यांचंही एवढंच आहे. मग एक पसरट बशी घेतली, भात पातळ पसरला आणि कडेकडेने निवलेला चमच्यात घेऊन ठमीच्या हातात चमचा दिला. मी घरी अगदी हेच करते. ठमीने अर्धी वाटी खाल्ली, थोडा फ्रॉकला खाऊ घातला.

त्या भाताला तिकडे "जोक" म्हणतात. तांदळाची कणी इतकी शिजवतात की दाणा दिसत नाही. दाणा दिसतो तो खाओ तोम, म्हणजे आपली पेज म्हणा. एक मात्र सांगते, हॉटेलातला जोक साधा होता, पण रस्त्यावरच्या गाडीवर तो बहुधा डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजवलेला असतो. आम्ही कोंबडी-मासे खातो, पण डुकराचं चालत नाही, म्हणून गाडीवर आधी विचारायचो. थाई भाषेत "काय" म्हणजे कोंबडी, "मू" म्हणजे डुक्कर आणि "माय फेत" म्हणजे तिखट नको, एवढ्या तीन शब्दांवर आमचा आठवडा निघाला.

माझं म्हणणं एवढंच आहे. परदेशात गेल्यावर आपण "इंडियन रेस्टॉरंट कुठे आहे" हे शोधत सुटतो. आणि तिथे मिळतं काय? लाल तेलाचा तवंग आलेलं पनीर. ते दीड-दोन वर्षांच्या मुलाने खायचं? त्यापेक्षा "तुमची पोरं काय खातात?" हे विचारा. तिथेही आज्या आहेत, तिथेही पोरांना दात येतात. थायलंडमध्ये नाम वा जातीचं बुटकं, जाडसर केळं कुस्करून बाळांना भरवायची जुनी पद्धत आहे. चिकट भात, खाओ नियाव, हातानेच गोळा करून खायचा असतो. चमच्यावरून रोज भांडण करणाऱ्या ठमीला तर स्वर्गच मिळाला. फक्त गोळे अगदी लहान करून द्या, मोठा घशात बसू शकतो. रामबुतान या लिचीसारख्या फळाची बी आपण काढून, तुकडे करूनच द्यायचं.

फसलोही. सेव्हन-इलेव्हन नावाच्या दुकानातून रोज दुधाचा खोका आणत होतो, ठमी गटागटा पीत होती, मी खूश. तिसऱ्या दिवशी मी स्वतः घोट घेतला तर बासुंदी! गोड दूध होतं ते. साधं हवं असेल तर नोम च्युत असं मागायचं. आम्ही घरी तिला साखर देत नाही आणि इथे तीन दिवस मीच पाजत होते. पुढचे दोन दिवस साधं दूध बघितलं की तोंड फिरवायची.

पण सगळ्यात मोठी चूक खाण्याची नव्हतीच, घड्याळाची होती. बँकॉकचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. ठमी घरी बाराला जेवते, म्हणजे तिथे तिचं पोट दीडला वाजतं. आम्ही तिथल्या बाराला तिच्यामागे चमचा घेऊन फिरायचो आणि "खातच नाही" म्हणून वैतागायचो. आणि दीड वाजता आम्ही कुठे असायचो? अयुथयाला. बँकॉकपासून साधारण 80 किलोमीटर. तिथल्या "वाट महाथात" या जुन्या देवळात झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे, ते बघायचं होतं ना! तो चेहरा इतका शांत, आणि त्याच्यासमोर आमची कन्या भर उन्हात जमिनीवर आडवी. तीन वाजता गाडीत अर्धा पुडा चिप्स, हे तिचं दुपारचं जेवण. लाज वाटली मला. त्यानंतर दिवसाला एकच ठिकाण, आणि दीडच्या आधी कुठेतरी पंख्याखाली बूड टेकायचं असं ठरवलं. त्यामुळे तरंगता बाजार राहिला. राहू दे.

एक दिवस तिला नुसती पोळी हवी होती. बँकॉकच्या पाहुरात भागात मोठा गुरुद्वारा आहे, तिथल्या लंगरमध्ये डाळ आणि गरम पोळी मिळाली. मांडी घालून बसलेली ठमी शेजारच्या आजोबांच्या ताटातलीही पोळी ओढत होती.

काल सासूबाईंनी बॅग उपसली. खिमटाची भरड जवळजवळ तशीच, नाचणीसत्त्व तसंच. मेतकुटाचा डबा मात्र चाटूनपुसून रिकामा. "बघ, मेतकूटच खाल्लं ना माझ्या सोन्याने," म्हणून दिवसभर खुशीत होत्या. रात्री ठमी झोपल्यावर सेव्हन-इलेव्हनचा गरम भात आणून, त्यावर तूप-मेतकूट घालून आम्ही दोघं जमिनीवर बसून हाणायचो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्या फेसबुकवर नाहीत. काकू, तुम्ही आहात, तेवढं सांभाळून घ्या.