दहा सेकंदांचं राज्य

आमच्या घरात कॉम्प्युटर एक आणि माणसं दोन. बायकोला विंडोज लागतं, कारण तिचं सगळं काम त्यावर चालतं. मला लिनक्स लागतं (दोन्ही कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीच), कारण... हे कारण मी आजवर बऱ्याच जणांना समजावून सांगितलंय, आणि प्रत्येकाने शेवटी "बरं" एवढंच म्हटलंय. तेव्हा ते राहू दे.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. राहतात. डिस्कचे नीट तुकडे पाडले तर चारही राहतात. प्रश्न तलवारींचा नसतोच. बटण दाबल्यावर आधी कोणती उपसायची हे ठरवायला म्यानाच्या तोंडाशी एक जण बसलेला असतो, खरी गाठ त्याच्याशी असते. त्याला बूटलोडर म्हणतात. आमच्याकडच्याचं नाव ग्रब, म्हणजे 'ग्रँड युनिफाइड बूटलोडर'. ऐकून वाटतं, आता भालदार-चोपदार ललकारी देणार. प्रत्यक्षात काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची यादी येते आणि खाली दहापासून उलटे आकडे पडू लागतात. इंग्रजीत ग्रब म्हणजे अळी, हे मला फार उशिरा कळलं. तोवर पानं कुरतडून झाली होती.

आमच्या यादीत अकरा ओळी होत्या. राहणारे दोन आणि पाट्या अकरा, कारण मधल्या काळात मी एक जुनं लिनक्स टाकून दुसरं, नवं बसवलं होतं. 'टाकून' म्हणजे नुसतं वापरायचं टाकून. डिस्कवरून काढलं नव्हतं. असू दे, कधी लागलं तर, या विचाराने आपण ज्या वस्तू ठेवतो त्यांतली ती एक. शिवाय नवं बसवताना त्याने विचारलं होतं, "बूटलोडरही बसवू का?" मी म्हटलं, नको. जुना आहे, चालतोय, विंडोजही त्याला ओळखीचं झालंय. चालत्या गाड्याला खीळ कशाला घाला? हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी नेमकं तेच विसरलो.

परिणाम असा, की यादीतली पहिली ओळ त्या जुन्या लिनक्सची होती. दहा सेकंदांत कुणी काही केलं नाही, की ते सुरू. बायकोला विंडोज हवं, मला नवं लिनक्स हवं, आणि रोज सकाळी कॉम्प्युटर उघडायचा तिसराच. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, पण त्या तिसऱ्यालाही यात काय लाभ होता कोण जाणे.

"अहो, परत तुमचं ते आलं!" ही आमच्याकडची सकाळची हाक झाली. विंडोज नवव्या ओळीवर होतं. म्हणजे बाण खाली आठ वेळा. घाईत सात वेळा दाबला, की आठवी ओळ लागायची, आणि आठवी ओळ होती मेमरी टेस्ट. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: कॉम्प्युटर आपल्याच स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ लागतो, पडद्यावर आकडे धावतात, टक्के वाढतात, आणि ती संपायला तासही लागू शकतात. बायकोने एकदा ते विंडोजचं अपडेट समजून पाऊण तास वाट पाहिली. पाऊण तासाने मला विचारलं, "हे किती वेळ चालतं?" मी म्हटलं, "किती फेऱ्या हव्यात त्यावर आहे." ते वाक्य तांत्रिकदृष्ट्या अचूक होतं. संसारात अचूकतेला काडीची किंमत नाही.

त्यात घड्याळाची भर. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. विंडोज असं धरून चालतं, की त्यात इथली स्थानिक वेळ आहे. लिनक्स सहसा असं धरून चालतं, की त्यात जागतिक प्रमाणवेळ आहे. त्यामुळे चुकून लिनक्समध्ये डोकावून परत विंडोजमध्ये गेलं, की घड्याळ काही तास सरकलेलं. बायकोचं म्हणणं, की तुमच्या त्या लिनक्समध्ये वेळ वाया जातो, याला निदान हा तरी पुरावा होता.

शेवटी फर्मान निघालं, की विंडोज पहिलं आलं पाहिजे. मी भाच्याला फोन लावला. भाचा याच क्षेत्रातला आहे, त्यामुळे कमी बोलतो.

"मामा, सोपंय. ग्रबची सेटिंगची फाइल उघड, डिफॉल्टचा, म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्या ओळीचा, आकडा बदल, अपडेट-ग्रब ही आज्ञा चालव. आणि मोजायचं शून्यापासून."

म्हणजे नववी ओळ ती आठ. मी नव्या लिनक्समध्ये जाऊन फाइल उघडली, शून्याचे आठ केले, आज्ञा चालवली. पडद्यावर ओळी सरसरत आल्या. हे कर्नल (लिनक्सचा गाभा) सापडलं, ते सापडलं, झालं. 'झालं' असं त्यानेच लिहिलं होतं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अकरा ओळी. पहिल्या ओळीवर जुनं लिनक्स. दहा, नऊ, आठ...

परत केलं. परत तेच. दहाचे तीस सेकंद करून पाहिले, तरी दहाच. तिसऱ्या वेळी मी त्या फाइलमध्ये ग्रबला उद्देशून एक ओळ लिहिली, जी इथे देत नाही.

आता एखाद्या शहाण्या माणसाने विचार केला असता, की आपण लिहितोय ते कुणी वाचतंय का. मी वेगळा विचार केला. मला वाटलं, अकरा ओळींमुळे बिचारा गोंधळत असेल. गर्दी कमी करावी. ते जुनं लिनक्स असंही कुणाला नकोय. विंडोजमध्ये गेलो, डिस्कचं व्यवस्थापन उघडलं, तीस जीबीचा तो तुकडा निवडला आणि उडवला. विंडोजने विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की.

ज्या बूटलोडरला मी दोन दिवस अर्ज लिहीत होतो, त्याचं सगळं बिऱ्हाड त्या जुन्या लिनक्सच्या तुकड्यात होतं. नवा बसवायला मीच नको म्हटलं होतं. माझे अर्ज नव्या घरातल्या रिकाम्या टपालपेटीत पडत होते, आणि ज्याला द्यायचे त्याचं घर मी आत्ताच जमीनदोस्त केलं होतं.

पुढच्या वेळी बटण दाबलं तेव्हा अकरा ओळी नव्हत्या. तीन होत्या. असा कुठला तुकडाच नाही. बचाव अवस्थेत शिरत आहे. आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' असे दोन शब्द, त्यांच्यापुढे लुकलुकणारी रेघ.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. विंडोज नाही, लिनक्स नाही, हातात ही लुकलुकणारी रेघ. बरं, बचाव अवस्था म्हटल्यावर माणूस काय करतो? मी 'हेल्प' लिहिलं. उत्तर आलं, 'हेल्प' नावाची आज्ञा माहीत नाही.

हा विनोद नाही. बचाव अवस्थेत ग्रबला मोजून चार गोष्टी येतात: यादी दाखवणं, एखादी गोष्ट ठरवणं, ठरवलेलं पुसणं आणि एखादा भाग आत ओढून घेणं. मदत त्यात बसत नाही. 'एक्झिट'ही नाही, म्हणजे बाहेरही पडता येत नाही. यादी मागितली तर कंसांत डिस्क आणि तिचे तुकडे दाखवले. इथे डिस्क शून्यापासून मोजायच्या आणि तुकडे एकपासून. ग्रबच्या जुन्या आवृत्तीत दोन्ही शून्यापासून होते. नव्यात सुधारणा करताना अर्धीच केली, म्हणजे पूर्वी सगळेच चुकायचे, आता अर्धे चुकतात.

रात्रीचे अकरा वाजले होते. भाच्याला परत फोन. सगळं ऐकून तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तू जुना बूटलोडर ठेवलास आणि त्याच्या खालची जमीन काढून घेतलीस?"

मामा बनवणे हा वाक्प्रचार मी आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल वापरत आलो. इथे मी स्वतःच मामा, आणि स्वतःला बनवणाराही मीच.

त्याने सांगितलं तसं एकेका तुकड्यात डोकावत गेलो. पहिले दोन: फाइल-व्यवस्था अनोळखी. तिसरा: तेच. पाचव्यात माझं नवं लिनक्स दिसलं, अगदी धडधाकट, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. त्याचा पत्ता ग्रबला दिला आणि 'नॉर्मल' नावाचा भाग आत ओढायला सांगितला. नॉर्मल सापडलं नाही. कसं सापडणार, तिथे बूटलोडर बसवलाच नव्हता. पडद्यावर आलेलं ते वाक्य मी टिपून ठेवलंय: 'नॉर्मल' सापडत नाही.

"मग आता लाइव्ह पेनड्राइव्ह," भाचा म्हणाला. म्हणजे डिस्कला न विचारता ज्यावरून थेट लिनक्स सुरू होतं तो. नव्या लिनक्सच्या वेळचा होता. तो शोधण्यात अर्धा तास गेला, ती कहाणी वेगळी.

तोवर मी भाच्याला विचारलं, की इतकी साधी गोष्ट इतकी नाजूक का असते रे. त्यावर तो पहिल्यांदाच खुलला. बटण दाबतो तेव्हा, म्हणाला, कॉम्प्युटरला डिस्कवर काय आहे हे माहीतच नसतं, आणि माहीत करून देणारा प्रोग्राम डिस्कवरच असतो. जुन्या पद्धतीत त्यासाठी डिस्कची पहिली ५१२ बाइट राखलेली. त्यांत तुकड्यांच्या नोंदींना ६४, शेवटच्या खुणेला २, आणि बूटलोडरला उरतात ४४६. मी मनात हिशेब केला: अक्षरं साठवायच्या आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे १४८ चिन्हं. काना-मात्रा धरून. मला तेवढ्यात तक्रारही मांडता येत नाही, आणि तो कॉम्प्युटर जागा करतो! पूर्वी लिलो म्हणून एक होता, तो सुरू होताना स्वतःच्या नावाची चार अक्षरं एकेक करून छापायचा. मध्येच अडकला तर किती अक्षरं उमटली त्यावरून दुखणं ओळखायचं. २०१५ मध्ये त्याचं काम थांबलं. मरताना 'लि' एवढंच म्हणणारा तो बूटलोडर मला फार आवडला. हा आमचा तर मदतीलाही ओळखत नव्हता.

पेनड्राइव्ह सापडला. त्यावरून कॉम्प्युटर सुरू झाला. पुढची क्रिया मात्र मला मनापासून पटली. पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये बसून डिस्कवरच्या निपचित लिनक्सचा तुकडा जोडायचा, त्याला थोडी जिवंत इंद्रियं उसनी द्यायची, आणि मग एका आज्ञेसरशी त्याच्या देहात शिरून तिथून काम करायचं. भाचा त्याला 'सीएच-रूट' म्हणत होता. आपल्याकडे याला परकायाप्रवेश म्हणतात आणि तो योग्यांनाच जमतो. मला तिसऱ्या प्रयत्नात जमला. पहिल्या दोन वेळा मी चुकून पेनड्राइव्हच्याच कायेत होतो.

आत जाऊन नवा बूटलोडर बसवला. 'कोणतीही चूक आढळली नाही' असं आलं. त्याच्यावर विश्वास ठेवायचे दिवस आता गेले होते, पण चालू करून पाहिला तर खरंच यादी आली. चार ओळी. सुटसुटीत, देखणी.

विंडोज नव्हतं.

बायको दारात उभी. "माझं कुठाय?"

२०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रबने शेजारपाजारच्या सिस्टिम आपणहून शोधणं बंद केलंय, सुरक्षिततेसाठी. शोधायला हवं असेल तर फाइलमध्ये 'शोधणे बंद' याच्यापुढे 'खोटं' असं लिहायचं. म्हणजे बंद करणं बंद करायचं. रात्री दीड वाजता हे दुहेरी नकार उलगडत मी ती ओळ लिहिली, आज्ञा चालवली, विंडोज सापडलं. डिफॉल्टचा आकडाही टाकला, शून्यापासून मोजून. यावेळी अर्ज योग्य पेटीत पडला.

कृतज्ञतेने भाच्याला फोन केला. त्याने जांभई दिली. "छान झालं, मामा. तसं मामीचं विंडोज अकरा वाजताच सुरू झालं असतं म्हणा."

"म्हणजे?"

"तुझा कॉम्प्युटर यूईएफआयवाला, म्हणजे सुरू व्हायच्या नव्या पद्धतीचा आहे ना? त्यात प्रत्येकाचा बूटलोडर वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. विंडोजच्याला तू हात लावलाच नव्हतास. चालू करताना एफ-बारा दाबायचं, यादी येते, विंडोज निवडायचं. ग्रब मध्ये येतच नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि वळसासुद्धा साधासुधा नाही, परकायेतून.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू ग्रबचं विचारत होतास."

फोन स्पीकरवर होता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बायको खुर्ची ओढून बसलीही होती. तिने कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, एफ-बारा दाबलं. निळी यादी आली. दोन ओळी. तिने विंडोज निवडलं. अकरा सेकंदांत तिचा डेस्कटॉप समोर. माझ्याकडे पाहिलं नाही, तेवढी ती चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तिने आणखी एक शोध लावला. ती निळी यादी दाखवणाऱ्या, कॉम्प्युटरमध्येच बसवलेल्या प्रोग्रामच्या, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये कुणाला आधी बोलवायचं याचा क्रम असतो. तिने विंडोज वर ओढून ठेवलं, जतन केलं, विषय संपवला. एवढ्या रात्रीच्या खटपटीने उभा केलेला माझा ग्रब आता दुसऱ्या क्रमांकावर बसलाय, आणि त्याची यादी दाखवायला त्याला कुणी बोलावतच नाही. एफ-बारा आता मी दाबतो. त्यासाठी दहा सेकंद नसतात, निर्मात्याचं चिन्ह झळकून जातं तेवढीच सवड.

आज सकाळी तीनदा हुकलं. तिसऱ्यांदा विंडोज उघडलं तेव्हा मागून प्रेमळ आवाज आला, "अहो, काही हवंय का तुम्हाला त्यात?"